गुणगुणीचा मथळा

पहाटे ५.३०

साडेपाचला बंधन उठलं. तारीख २९ जून २०२३, गुरुवार, आषाढी एकादशी. खगोलशास्त्रातल्या मोठ्या बातमीला एम्बार्गो असतो. मजकूर पत्रकारांच्या हाती आधीच पडतो, पण अमुक वेळेच्या आत छापायचा नाही, अशी अट असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बुधवारच्या रात्रीचे आठ वाजले तेव्हा पुण्यात उजाडत होतं आणि पंढरपुरातली महापूजा उरकली होती.

बातमी अशी. विश्वात अतिशय संथ गुरुत्वीय लहरींचा, सगळ्या दिशांनी येणारा एकत्रित कल्लोळ असावा, याचा पुरावा मिळाला. बहुधा प्रचंड वस्तुमानाच्या कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकांभोवती फिरतात, त्यातून तो उठतो. पुरावा देणारे गट चार होते: अमेरिका-कॅनडाचा, युरोप-भारताचा, ऑस्ट्रेलियाचा आणि चीनचा. भारतीय गटात जपानी शास्त्रज्ञही आहेत. दुर्बीण मात्र आपली, नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या.

मी चार प्रेसनोटा शेजारी शेजारी उघडल्या. दैनिकातलं विज्ञानाचं पान सांभाळणाऱ्याचं निम्मं काम वाचण्याचं असतं, आणि ते दोनदा करावं लागतं. पहिल्या वाचनात माहिती काढून घ्यायची. दुसऱ्या वाचनात ती माहिती मनातल्या मनात खोडायची आणि काय उरतं ते बघायचं. उरतो तो सूर. ॲरिस्टॉटलनं त्यातले तीन धागे वेगळे केले होते: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला तर्क. आपल्या न्यायदर्शनानंही विश्वासू माणसाच्या शब्दाला प्रमाण मानलं, पण चार प्रमाणांच्या यादीत त्याला शेवटची जागा दिली. प्रेसनोटेत तीच पहिली असते: अमुक विद्यापीठ, तमुक संस्था, इतक्या देशांतले इतके शास्त्रज्ञ.

माझ्याकडे रंगीत पेन्सिली आहेत. पतीला निळी, भावनेला लाल, तर्काला साधी शिसपेन्सिल. छापून काढलेल्या प्रेसनोटेवर त्या चालवल्या की पाचेक मिनिटांत कागद बोलायला लागतो. त्या पहाटे एक गंमत दिसली. शोधनिबंध चारही सावध होते. कुठेही 'लहरींचा शोध लागला' असं विधान नव्हतं, पुराव्याचीच भाषा होती. लोकांसाठी लिहिलेल्या मजकुरात मात्र पहिल्या काही ओळींतच लाल रेघ ओढावी लागत होती. विश्वाची गुणगुण, वाद्यवृंद, समूहगान. ही रूपकं पत्रकारांनी बनवलेली नव्हती, संशोधकांनीच हाती दिली होती. जीन फान्स्टॉक नावाच्या अभ्यासकबाईंनी १९८६ साली एका निबंधात नेमकं हेच मांडलं होतं: विज्ञान प्रयोगशाळेतून लोकांकडे निघालं की त्याच्या अंगावरच्या 'कदाचित' आणि 'असावं' गळून पडतात, आणि त्यांच्या जागी 'केवढं अद्भुत!' किंवा 'केवढं उपयोगी!' यांपैकी एक येऊन बसतं. कृष्णविवरांचा रोजच्या जगण्यात उपयोग सांगता येत नाही. त्यामुळे इथे अद्भुत.

सकाळी ७

चहा. आजची वर्तमानपत्रं. पहिल्या पानावर अर्थातच वारी. आतल्या पानांत 'टायटन' पाणबुडीचा पाठपुरावा होता, तिचे अवशेष कॅनडाच्या सेंट जॉन्स बंदरात उतरवल्याचा.

गेल्या दहा-बारा दिवसांत तंत्रज्ञानाच्या बातमीचा याहून चांगला धडा मिळाला नसता. १८ जूनला पाणबुडीशी संपर्क तुटला. आत पाच माणसं आणि ९६ तासांचा प्राणवायू. हा ९६ चा आकडा वाहिन्यांना सापडला आणि पडद्याच्या कोपऱ्यात उलटं घड्याळ लागलं. आकडा दिसला की आपण त्याला तर्क समजतो. इथे तो निखळ भावनेचं काम करत होता, कारण 'पाणबुडी शाबूत आहे' हे गृहीत धरल्याशिवाय त्या घड्याळाला अर्थच नव्हता. कार्बन फायबरचा सांगाडा पावणेचार किलोमीटर खोलीचा दाब वारंवार सोसेल का, हा खरा तांत्रिक प्रश्न. तो बऱ्याच ठिकाणी चौकटीत किंवा शेवटच्या परिच्छेदात होता. २२ तारखेला अवशेष सापडले, आणि संपर्क तुटला त्याच सुमाराला स्फोटासारखा आवाज टिपल्याचं अमेरिकी नौदलाकडून कळलं. म्हणजे घड्याळ चालू झालं तेव्हा मोजण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात, १४ जूनला, ग्रीसच्या किनाऱ्याजवळ स्थलांतरितांनी खच्चून भरलेली बोट बुडाली होती. माणसं शेकड्यांनी गेली. तिच्यासाठी कुणी घड्याळ लावलं नाही. ही तक्रार बरोबर आहे, पण ती नुसती नीतीची मानली तर अर्धीच कळते. बातमीला उत्कंठा लागते, आणि उत्कंठेला एक अंतिम मुदत लागते. बोटीच्या बातमीला मुदत नव्हती, ती आली तेव्हाच संपलेली होती.

सकाळी ९.१५

ओळखीच्या एका रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना फोन. ते या गटात नाहीत, म्हणूनच त्यांना केला. गटातल्या माणसाला आजच्या दिवशी आनंद लपवता येणार नाही, आणि त्यानं लपवावा तरी का?

"तीन सिग्मा धरा," ते म्हणाले. "युरोपीय-भारतीय गटाचा साधारण तितका. अमेरिकेचा साडेतीन ते चार. चीनचा त्याहून थोडा वर, ऑस्ट्रेलियाचा खाली."

"वाचकाला सिग्मा कसा सांगू?"

"असा सांगा. लहरी नसत्याच, तर निव्वळ योगायोगानं असा नमुना दिसायची शक्यता तीन सिग्माला हजारात एक, अशी काहीतरी. शोध लागला म्हणायला आम्ही पाच मागतो. ती पस्तीस लाखांत एक."

"मग चौघांना एकच दिसतंय त्याचं काय? त्यानं वजन वाढत नाही?"

"वाढतं ना. म्हणून तर सगळ्यांनी एका दिवशी छापलं. पण चौघांनी मोजलेले काही तारे सामाईक आहेत, म्हणजे ही चार अगदी स्वतंत्र माणसांची साक्ष नव्हे. पुढे सगळी मोजमापं एकत्र करणार आहेत. तोवर तुम्ही 'भक्कम पुरावा' लिहा आणि पूर्णविराम द्या. उद्गारचिन्ह नको!"

हे त्यांनी उद्गारचिन्हातच सांगितलं.

या फोनवरून माझं एक जुनं मत पक्कं झालं. विज्ञानाच्या बातमीत पदव्या आणि संस्थांची नावं पत वाढवत नाहीत, फक्त तिची जाहिरात करतात. बोलणारा माणूस आपल्याला किती ठाऊक नाही हे किती नेमकेपणानं सांगतो, यावरून त्याची पत कळते. 'हजारात एक' म्हणणाऱ्यावर मी 'निःसंशय' म्हणणाऱ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवते.

सकाळी ११

कार्यालय. प्रशिक्षणार्थी म्हणून आलेल्या मुलीनं घरूनच कॉपी लिहून आणली होती. उत्साह दांडगा. इंट्रो असा: 'विश्वाचं हृदय धडधडताना ऐकू आलं! पुण्याजवळच्या दुर्बिणीनं इतिहास घडवला असून आईन्स्टाईन पुन्हा एकदा खरा ठरला आहे.'

मी पेन्सिली तिच्याच हातात दिल्या. 'ऐकू आलं'खाली तिनं लाल रेघ ओढली आणि थांबली.

"यात चूक काय आहे मॅडम?"

"चूक आहे की नाही ते नंतर बघू. या लहरीचा एक हेलकावा पूर्ण व्हायला किती वेळ लागतो?"

तिनं कागद चाळले. "काही वर्षं."

"मग ऐकलं कुणी?"

पल्सार म्हणजे घड्याळासारखे नेमके टिकटिकणारे मृत तारे. त्यांचे ठोके सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही बारकाईनं मोजता येतात. लहर गेली की पृथ्वी आणि तारा यांमधलं अंतर किंचित ताणलं जातं आणि ठोका किंचित लवकर किंवा उशिरा पोचतो. युरोपीय-भारतीय गटानं २५ पल्सारांचे जवळपास २५ वर्षांचे ठोके तपासले. ही बातमी कानांची नसून हिशेबाच्या वहीची आहे. तरी मी 'गुणगुण' काढायला सांगितलं नाही. रूपक वाचकाला दारापर्यंत आणतं, आणि वर्तमानपत्रात दारापर्यंत येणंही थोडं नाही. पण 'हृदय धडधडलं' म्हटलं की विश्व जिवंत झालं, आणि पुढच्या वाक्यात कृष्णविवरं आली की वाचकाच्या डोक्यात भलताच संसार उभा राहतो. गुणगुणीत निदान एकसारखेपणा आहे, कुठून येते ते नेमकं न कळणं आहे. ते मुद्द्याला धरून आहे.

'पुण्याजवळच्या दुर्बिणीनं' याखाली तिनं निळी रेघ ओढली. बरोबर ओढली. अभिमान ही इथे पतच आहे: आपलं माणूस बोलतंय म्हणून ऐका. सहा दुर्बिणींतली ही एक. बाकीच्या जर्मनी, इंग्लंड, फ्रान्स, नेदरलंड्स आणि इटलीतल्या. पण म्हणून अभिमानच गाळायचा? मला तो शहाजोगपणा वाटतो. त्यापेक्षा खोडदनं नेमकं काय केलं ते सांगावं. ताऱ्यांच्या मधल्या जागेत विरळ इलेक्ट्रॉन असतात, त्यांच्यामुळेही ठोके उशिरा येतात, आणि तो उशीर लहरीमुळे झालेल्या उशिरात मिसळतो. जीएमआरटी बाकीच्यांपेक्षा कमी वारंवारतेवर ऐकते, तिथे हा इलेक्ट्रॉनांचा उशीर ठळक दिसतो आणि हिशेबातून वजा करता येतो. आता अभिमानाखाली शिसपेन्सिलीची रेघ आली. वाचक दोन्ही घेऊन जाईल.

राहिला आईन्स्टाईन. हे नाव म्हणजे पतीचा हुकमी एक्का, कुठल्याही भौतिकशास्त्राच्या बातमीत टाकावा. गुरुत्वीय लहरी त्यानं १९१६ साली मांडल्या हे खरं. पण १९३६ साली त्यानंच नेथन रोझेनबरोबर एक निबंध लिहून, अशा लहरी नसतातच, असं म्हटलं होतं. 'फिजिकल रिव्ह्यू'नं तो परीक्षकाकडे पाठवला, परीक्षकानं चूक काढली, आणि आईन्स्टाईननं रागावून निबंध परत घेतला. नंतर निष्कर्ष बदलला. हा किस्सा मी तिला सांगितला तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "मग हेच लिहू का?" लिही म्हटलं, पण चौकटीत.

मग तिनं खरा प्रश्न विचारला. "पण मॅडम, एवढं सगळं प्रेसनोटमध्येच चढवून दिलेलं असतं. आपण काय करणार?"

याचं उत्तर आकड्यांत आहे. डिसेंबर २०१४ मध्ये 'बीएमजे'त कार्डिफच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांच्या आरोग्यविषयक ४६२ प्रेसनोटा, त्यांमागचे शोधनिबंध आणि त्यांवरून झालेल्या बातम्या त्यांनी समोरासमोर ठेवल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगाचा निष्कर्ष माणसांना लावण्याची अतिशयोक्ती प्रेसनोटेत असेल, तर ८६ टक्के बातम्यांतही ती होती. प्रेसनोटेत नसेल, तर बातम्यांत फक्त १० टक्के. म्हणजे पत्रकार फुगवतात हा समज बराचसा उलटा आहे. फुगा विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागात भरला जातो, आम्ही दोरी धरतो. यावर आम्ही सुटकेचा निःश्वास टाकायचं कारण नाही, कारण दोरी सोडणं आमच्या हातात होतं.

मुलगी कॉपी घेऊन गेली. पल्सारांवरून एक आठवलं ते तिला सांगायचं राहिलं. १९६८ साली पल्सारांची बातमी फुटली तेव्हा पत्रकार गटप्रमुख अँटनी ह्यूइश यांना विज्ञान विचारायचे, आणि ज्या जॉसलिन बेल यांनी तो संकेत कागदाच्या लांबलचक पट्ट्यांवर प्रत्यक्ष हुडकला होता, त्यांना उंची किती आणि मित्र किती, हे विचारायचे. सूर म्हणजे फक्त शब्द नव्हेत. कुणाला कुठला प्रश्न विचारला जातो, तिथूनच तो लागायला सुरुवात होते.

दुपारी १.३०

साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वरईचा भात. कँटीनमध्ये आज उपवास नसलेल्यांचीही गर्दी, ती खिचडीमुळेच.

दुपारी ३

मीटिंग. पान एकला लीड आणि फोटो पंढरपूरचा, यावर चर्चा नाहीच. त्याच दिवशी बकरी ईदही होती, तिचा फोटो. विज्ञानाच्या बातमीला अँकर मिळाला, म्हणजे पानाच्या तळाची आडवी जागा. आनंद.

मग वृत्तसंपादक म्हणाले, "मथळा मी देतो. 'विश्वाचा ॐकार!' एकादशी आहे, लोकांना भिडेल."

दोघातिघांनी माना डोलावल्या. मथळा चांगलाच होता, नाकारायला अवघड अशा अर्थानं. लहान, नादमय, दिवसाला साजेसा.

मी म्हटलं, "सर, २०२० च्या जानेवारीत सूर्य ॐ म्हणतो असा व्हिडिओ फिरला होता. नासानं रेकॉर्ड केला म्हणून. मोठमोठ्या लोकांनी पुढे पाठवला. आपण त्याचं खंडन छापलं होतं."

"हे नासाचं नाही. हे खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच भीती वाटते. वाचकाला आपण सांगू की हे तर तुम्हाला आधीपासून माहीत होतं. बातमी अशी आहे की हे आजवर कुणालाच दिसलं नव्हतं."

थोडी शांतता. शहर पानाचा सहकारी म्हणाला, "ॐकार म्हटला की तो आला. त्यात 'असावा' कसं बसवणार?" हा मुद्दा माझ्यापेक्षा त्यानं चांगला मांडला. श्रद्धेच्या शब्दाला शंकेचं शेपूट लावता येत नाही, दोन्हींचा अपमान होतो. मी काही नास्तिकांची वकील नाही. आई त्या वेळी घरी हरिपाठ म्हणत असणार. पण दोन गोष्टींचे भाव वेगळे असतात.

वृत्तसंपादक वाद आवडणारे आहेत. "मग पाच सिग्मा आले की देऊ ॐकार?"

त्यावर मी मार्च २०१४ ची गोष्ट सांगितली, कारण ती सिग्माची मिजासही उतरवते. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटानं तेव्हा पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलं की विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या क्षणांतल्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडली. सिग्मा पाचाच्या वर होता. सोबत एक व्हिडिओ होता: गटातला एक शास्त्रज्ञ आंद्रेई लिंडे यांच्या दारात जाऊन निकाल सांगतो, लिंडे यांना गहिवरून येतं, शॅम्पेन उघडली जाते. ज्यांनी आयुष्यभर एक कल्पना जपली त्या माणसाच्या चेहऱ्यावर ती खरी ठरल्याचा आनंद! जगभर तो चालला. मलाही आवडला होता, अजूनही आवडतो. पुढे प्लँक उपग्रहाच्या मोजमापांतून दिसलं की तो संकेत आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीनं समजावता येतो. जानेवारी २०१५ मध्ये दोन्ही गटांनी मिळून तसं मान्य केलं. योगायोगाची शक्यता पस्तीस लाखांत एक असली, तरी धुळीची शक्यता त्या आकड्यात धरलेलीच नव्हती. व्हिडिओत लिंडे यांनी स्वतःच, हे सारं फसवं तर नसेल ना, अशी शंका बोलून दाखवली होती. ती सगळ्यांनी ऐकली आणि कुणी मोजली नाही.

उलट गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेवाल्यांची शिस्त बघा. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांच्या यंत्रांत एक झकास संकेत आला. शेकडो माणसांनी सहा महिने तपासला, निबंध लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये बंद पाकीट उघडलं तर निघालं की तो संकेत त्यांच्याच मोजक्या सहकाऱ्यांनी, बाकीच्यांची परीक्षा घ्यायला, गुपचूप घुसडलेला होता. म्हणून ११ फेब्रुवारी २०१६ ला त्यांचे संचालक व्यासपीठावर येऊन आडपडदा न ठेवता म्हणाले की लहरी सापडल्या, तेव्हा त्या थेट वाक्यामागे तयारी होती. तो सूर त्यांनी कमावला होता. तिथे 'कदाचित' लावणं हीच खोटी नम्रता झाली असती.

"म्हणजे आपल्या हिंगोलीतही पाकिटं घुसडणार?" कुणीतरी विचारलं. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिलमध्येच २,६०० कोटी मंजूर केले होते. हशा झाला आणि ॐकार मागे पडला. मला वाटतं, तो माझ्या युक्तिवादापेक्षा त्या हशानं मागे पडला.

दुपारी ४.३०

कॉपी पुन्हा लिहायला बसलो. सगळ्यात अवघड परिच्छेद तर्काचा, नेहमीप्रमाणे. एकेका पल्साराचे ठोके पुढेमागे होतात ते शंभर कारणांनी. लहरींमुळेच झाले हे कसं ओळखायचं? हेलिंग्ज आणि डाउन्स या दोघांनी १९८३ साली दाखवलं की लहरी असतील तर कुठल्याही दोन पल्सारांच्या उशिरांमधलं साम्य त्यांच्यातल्या आकाशातल्या कोनावर ठरेल, आणि कोन वाढत गेला की ते साम्य एका ठरावीक वक्ररेषेनं कमी होऊन पुन्हा वाढेल. आकाशभर तीच वक्ररेषा दिसू लागणं, हाच पुरावा. हे मुलीनं तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा जमलं, आणि त्यात एकही विशेषण नव्हतं.

संध्याकाळी ६.३०

रविवारच्या तंत्रज्ञान पानाचं काम मध्ये घुसलं. विषय कृत्रिम बुद्धिमत्ता. या वर्षी दुसरा विषय मिळतच नाही. ३० मेला एक निवेदन आलं होतं: कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका महासाथी आणि अणुयुद्धाइतकाच गांभीर्यानं घ्या. अख्खं निवेदन एका वाक्याचं, खाली साडेतीनशेहून जास्त सह्या. जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ, सॅम ऑल्टमन. पेन्सिली चालवल्या तर एकच रंग उमटतो. नष्ट कसं होणार, कुठल्या मार्गानं, किती वर्षांत, काही नाही. सगळा भार सह्यांवर. शिवाय सही करणाऱ्यांत धोक्याचा इशारा देणारे आणि तीच वस्तू विकणारे एकाच रांगेत. बातम्यांनी दोघांना एकाच दमात 'तज्ज्ञ' म्हटलं.

दुसरं कात्रण जूनच्या पहिल्या आठवड्यातलं: चाचणीत ड्रोननं आपल्याच चालकाला मारलं. अमेरिकी हवाई दलातल्या एका कर्नलनं लंडनच्या परिषदेत हे सांगितलं, मथळे उडाले, आणि एकदोन दिवसांत त्यांनी खुलासा केला की अशी चाचणी झालीच नव्हती, तो एक मनातला प्रयोग होता. खुलासा छापला गेला, लहान अक्षरांत. मला त्यात वाक्यरचनेची गंमत वाटते. 'ड्रोननं ठरवलं', 'यंत्राला चालक अडसर वाटला'. क्रियापदं माणसाची, कर्ता यंत्र. अशी चार वाक्यं वाचली की यंत्राला हेतू असतो हे आपण कुणी सिद्ध न करताच मान्य करून बसतो. आमच्या पानापुरता मी एक नियम केला आहे: 'ठरवलं', 'वाटलं', 'हवं होतं' या क्रियापदांचा कर्ता ज्यानं यंत्र बनवलं, विकलं किंवा वापरलं तो माणूस असायला हवा. नियम पाळताना वाक्यं लांब होतात. होऊ देत.

रात्री ९

डाक आवृत्तीची पानं सुटली. तिकडे अँकर आखूड गेला, आईन्स्टाईनची चौकट पडली. शहर आवृत्तीत ती ठेवू म्हणाले. परदेशी संकेतस्थळं पुन्हा चाळली. बहुतेकांनी गुणगुण घेतली होती. काहींनी दुसऱ्याच परिच्छेदात अजून काय बाकी आहे ते सांगितलं होतं, काहींनी सांगितलंच नव्हतं. एकदोन ठिकाणी मथळ्यात प्रश्नचिन्ह. या चिन्हाचा मला राग आहे. ते शंकेचं सोंग आणतं आणि शंका कशाबद्दल हे सांगत नाही.

रात्री १०.४०

पान लावणाऱ्या ऑपरेटरच्या मागे उभी राहिले. मथळा ठरला होता: 'विश्वाच्या संथ गुणगुणीचा भक्कम पुरावा'. त्याखाली उपमथळा. मीटिंगनंतर त्यात कुणीतरी हात घातला होता. आता तो असा होता: 'ऐतिहासिक, अभूतपूर्व संशोधनात खोडदच्या दुर्बिणीचा मोलाचा वाटा, शिक्कामोर्तब अद्याप बाकी'.

"मॅडम, ओळ बाहेर जातेय," तो म्हणाला. "शेवटचं 'शिक्कामोर्तब अद्याप बाकी' उडवू का? तीन शब्द सुटतील."

"ते राहू दे. 'ऐतिहासिक' काढ."

त्यानं काढला. "अजून थोडी जातेय."

"'अभूतपूर्व' काढ."

"आता 'मोलाचा' तेवढा अडतोय."

"तो वाटा खरंच मोलाचा आहे. अक्षर अर्ध्या पॉइंटनं कमी कर."

"बसलं," तो म्हणाला, आणि पुढचं पान उघडलं.